चिंगीची खाज : प्रकल्प नोंदी, जुलै ते सप्टेंबर २०२५

रविवार, १३ जुलै

शुक्रवारपर्यंत चिंगी अगदी ठीक होती. काल दुपारपासून तिचं खाजवणं थांबतच नाही. खाता खाता ताटली अर्ध्यावर सोडते आणि मागच्या पायाने मान ओरबाडते. चालता चालता मध्येच बसकण मारून शेपटीच्या मुळाशी दात लावते. झोपेतून दचकून उठते आणि मांडी चाटत सुटते. पाठीवरून हात फिरवला तर कातडी थरथरते. रात्रभर पडवीतून तिचा पाय फरशीवर आपटल्याचा टकटक आवाज येत होता. मला झोप लागली नाही.

चिंगी म्हणजे चार वर्षांची तिरंगी भाटी, नसबंदी झालेली. घर चिपळूणजवळच्या गावात, कौलारू, मागे परसू आणि पलीकडे शेजाऱ्यांचे गोठे. ती अंगणाबाहेर फारशी जात नाही.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या बोक्याला असंच झालं होतं. कोणी तेल चोपडलं, कोणी पावडर टाकली, कोणी आंघोळ घातली. तो बरा झाला, पण कशाने झाला आणि मुळात त्याला काय झालं होतं हे आजही कोणाला सांगता येत नाही. म्हणून या वेळी वही केली आहे. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जे करू ते तारखेसह लिहायचं.

सकाळी सात आणि संध्याकाळी सातला दहा-दहा मिनिटं नुसतं बसून बघायचं. खाजवणं, चावणं, चाटणं, तिन्ही मोजायचं. चाटणं सोडून चालणार नाही, कारण खाज आली की मांजर पायापेक्षा जीभच जास्त चालवतं आणि आपण म्हणतो, किती स्वच्छ राहते बघा. संध्याकाळची मोजणी भाच्याकडे दिली. तो आठवीत आहे, घड्याळ लावून बसतो.

आज सकाळी १४ वेळा, संध्याकाळी १९.

सोमवार, १४ जुलै

कागदावर मांजराचं चित्र काढलं आणि ती जिथे जिथे खाजवते तिथे पेन्सिलीने टिंबं दिली. दिवसअखेर टिंबांची दाटी तीन ठिकाणी झाली: शेपटीचं मूळ आणि त्यावरची पाठ, मांड्यांचा मागचा भाग, आणि मान. शेपटीच्या मुळाशी केस विरळ झालेत. तिथे बोट फिरवलं तर खसखशीसारख्या बारीक खपल्या लागतात. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला लागतात.

कान उलटून पाहिले. कानात किडी झाल्या तर कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट चुरा साठतो आणि मांजर सारखं डोकं झटकतं. चिंगीचे कान गुलाबी, स्वच्छ. खरूज असती तर ती बहुधा कानाच्या कडांपासून सुरू होऊन तोंडावर जाड, करड्या खपल्या आल्या असत्या. तसंही नाही. गजकर्णाचे गोल टक्कल पडलेले चट्टेही नाहीत. अर्थात गजकर्ण नुसत्या नजरेने ठरत नाही, ते डॉक्टरांवर सोडलं.

आई म्हणाली, "खोबरेलात कापूर घालून लाव गो, आमच्या वेळी गुरांना तेच लावायचो." मी नको म्हटलं. गुरं लावलेलं तेल असं चाटून साफ करत नाहीत. मांजराच्या अंगावर जे लावू ते तासाभरात त्याच्या पोटात जातं, आणि कापूर मांजराला विषारी आहे. आईला हे पटलं, तिने कापराची डबी परत देवघरात ठेवली.

सकाळी १६, संध्याकाळी १८.

मंगळवार, १५ जुलै

आजचा दिवस नीट लिहून ठेवते, कारण आज फार मोठी चूक होता होता राहिली.

पाऊस इतका की दवाखान्यापर्यंत जाणं शक्य नव्हतं. बाजारातल्या एका दुकानातून मानेवर टाकायचे थेंब मागवले. दुकानदाराने भाच्याला सांगितलं, "कुत्र्याचं आहे, पण चालतं. मांजराला अर्धं टाका." पाकिटावर कुत्र्याचं चित्र होतं. नळीचं टोक कापायला मी कात्रीही हातात घेतली होती. पण चष्मा लावून मागचा बारीक मजकूर वाचला तर त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक. खाली अगदी लहान अक्षरात लिहिलेलं: मांजरांवर वापरू नये.

डॉक्टर बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ताई, ती नळी आधी बाजूला ठेवा, मग बोला." कुत्र्याच्या आणि माणसाच्या यकृतात काही रसायनं मोडून बाहेर टाकणारी जी व्यवस्था असते, ती मांजरात फार तोकडी असते. कुत्रा जे पर्मेथ्रिन सहज पचवतो, ते मांजराच्या शरीरात साचत जातं आणि नसांवर चढतं. आधी कान आणि कातडी फडफडते, मग अंग थरथरायला लागतं, मग झटके. काही तासांत जीव जाऊ शकतो. कुत्र्याच्या थेंबांत हे औषध इतकं तीव्र असतं की 'अर्धं टाका' या सल्ल्याला काही अर्थच उरत नाही. चुकून टाकलं गेलंच तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन मांजराला तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं, लक्षणं दिसायची वाट बघायची नाही. पॅरासिटामॉलचंही तेच. आपण तापाला घेतो ती एक गोळी मांजराला पुरेशी असते मारायला.

दुकानदाराच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी मानते. पण माणसं विश्वासाने विचारतात. घरात मांजर असेल त्याने औषधावरचं कुत्र्याचं चित्र आणि 'पर्मेथ्रिन' हा शब्द या दोन गोष्टी बघितल्याशिवाय काही टाकू नये. कुत्रा आणि मांजर एकत्र झोपत असतील तर कुत्र्यालाही हे औषध लावताना डॉक्टरांना विचारावं.

नळी परत केली. दुकानदाराला पाकिटावरची ती ओळ दाखवली.

सकाळी १५, संध्याकाळी २१.

बुधवार, १६ जुलै

डॉक्टर बाईंनी फोनवर एक परीक्षा सांगितली होती, ती केली. त्यांनी दाट दातांचा कंगवा म्हटलं. आपली उवांची फणी चालेल का विचारलं तर त्या म्हणाल्या, उत्तम.

चिंगीला मांडीवर घेतलं, खाली पांढरा कागद पसरला आणि शेपटीच्या मुळापासून मानेकडे, केसांच्या उलट दिशेने फणी फिरवली. एकही पिसू दिसली नाही. कागदावर मात्र मिरपुडीसारखे काळे कण पडले. अंगणातली माती असेल म्हणून मी झटकायला गेले, तर भाचा म्हणाला, "मावशी, थांब, पाणी टाकून बघायचंय ना?"

कापसाचा बोळा ओला केला आणि चार कण त्यावर ठेवले. आधी काहीच झालं नाही. मग एका कणाच्या कडेने पाणी लालसर व्हायला लागलं. ओल्या कापसात तो रंग हळूहळू पसरत गेला, गंजासारखा तांबूस, मधे काळा ठिपका आणि भोवती कडं. मग दुसऱ्या कणाला कडं आलं, मग तिसऱ्या. चौथा कण होता तसाच राहिला, तो मातीचा.

पिसू रक्त पिते आणि त्यातलं बरंचसं न पचलेलं बाहेर टाकते. ते वाळून काळे कण होतात आणि ओले केले की परत रक्त होतात. भाच्याने बोळा उजेडात धरला आणि विचारलं, "म्हणजे हे आपल्या चिंगीचंच रक्त?" हो म्हणताना माझ्या पोटात कालवलं.

पिसू का दिसली नाही याचं उत्तरही आज मिळालं. ज्या मांजराला सर्वांत जास्त खाज, त्याच्याच अंगावर पिसवा सर्वांत कमी सापडतात, कारण ते चाटून, चावून त्या गिळून टाकतं. "पण तिच्या अंगावर तर एकही पिसू नाही" हे वाक्य मी तीन दिवस बोलत होते.

सकाळी १७, संध्याकाळी १८.

शुक्रवार, १८ जुलै

पाऊस उघडला, दवाखान्यात गेलो. वजन ३.४ किलो. डॉक्टर बाईंनी विशिष्ट दिव्याखाली केस पाहिले, एका जागची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. किडी नाहीत, बुरशीचं चिन्ह नाही. खात्री करायला थोडे केस बुरशीच्या तपासणीसाठी ठेवून घेतले.

निदान: पिसूच्या लाळेची अ‍ॅलर्जी. पिसू चावताना जी लाळ सोडते, तिचं काही मांजरांना वावडं असतं. अशा मांजराला शंभर पिसवा लागत नाहीत. एक-दोन चावे पुरतात आणि खाज नंतर कितीतरी दिवस राहते.

उपचार तीन. मानेच्या मागे, जिथे तिची जीभ पोचत नाही, तिथे सेलामेक्टिन या पिसवा मारणाऱ्या औषधाचे थेंब. मांजरासाठीचे, तिच्या वजनाचे, दर महिन्याला. सूज आणि खाज उतरायला प्रेडनिसोलोनची लहान मात्रा, पाच दिवस, पुढे आपल्या मनाने अजिबात द्यायची नाही. आणि जंताची गोळी, कारण गिळलेल्या पिसूतून पट्टकृमी पोटात जातो. त्याचे तुकडे शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखे दिसतात. परवा मला तिच्या अंथरुणात एक कणी दिसली होती. मी ती भाताची समजून झटकली होती.

निघताना डॉक्टर बाई म्हणाल्या, "ताई, मांजराचं औषध झालं. आता घराचं कोण करणार?"

रविवार, २० जुलै

घराचं काम सुरू केलं. त्याआधी एक प्रश्न मला सोडत नव्हता. चिंगी कुठे जात नाही, मग हे आलं कुठून आणि असं एकाएकी कसं?

उत्तर आईने दिलं, तिच्याही नकळत. ती म्हणाली, "माळ्यावरच्या गोधड्याही धू, तिथेच ती भटकी व्याली होती." मे महिन्याच्या विशीत एक भटकी मांजर आमच्या माळ्यावर गोधड्यांच्या गठ्ठ्यात व्याली होती. जूनच्या मध्यावर तिने पिल्लं हलवली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात, तसं. आम्ही विसरून गेलो.

पिसूची अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. मांजर जिथे निजतं तिथे मिठासारखी गळून पडतात. एक मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते. त्यातून निघणाऱ्या अळ्या उजेडाला पाठ करून शिवणीत, फटीत शिरतात आणि तेच वाळलेलं रक्त खाऊन वाढतात. मग कोष. कोषाला धूळ चिकटते, तो दिसेनासा होतो. आतली पिसू तयार असली तरी लगेच बाहेर येत नाही, महिने महिने थांबू शकते. हादरा बसला, ऊब लागली, जवळ कोणी श्वास घेतला, की बाहेर. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम पाच टक्के. बाकी सगळं अंथरुणात आणि फटींत असतं. त्यात कोकणातला पावसाळा: दमट हवा, ना कडक ऊन ना थंडी. अळ्यांना कोरडी हवा सोसत नाही, आणि इथे कोरडं काहीच नाही.

गुरुवारी १० जुलैला कौल गळत होतं म्हणून आम्ही माळ्यावर चढलो, गठ्ठा हलवला आणि चार गोधड्या खाली पडवीतल्या बाकड्यावर आणून टाकल्या. शुक्रवारी चिंगी त्यांवर झोपली. शनिवारी खाजवायला लागली. तारखा वहीत समोरासमोर लिहिल्यावर मी बराच वेळ गप्प बसले.

खात्रीसाठी भाचा शाळेचे पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून पडवीत दहा मिनिटं फिरला. मोज्यांवर चार पिसवा. माळ्यावर अकरा.

आई पिसवा बघून घाबरली. तिची आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. गावात उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. मी तिला सांगितलं की १८९६ला मुंबईत आलेला तो प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांनी पसरला. पिसवांचा हा हात पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टराने १८९८ला कराचीत शोधला. मांजराची पिसू जातीने वेगळी. तरी माणसालाही चावते, आईच्या घोट्यावर तीन लाल फोड आहेत.

सकाळी ९, संध्याकाळी ८. आकडा उतरला, पण गोळी चालू आहे. थेंबांचा गुण की गोळीचा, हे आज सांगता येणार नाही.

बुधवार, २३ जुलै

तीन दिवस गोधड्या. बंब पेटवून कढत पाण्यात एकेक बुडवली, साबणात रात्रभर ठेवली, पिळली. उन्हाळ्यात कातळावर पसरल्या असत्या तर दोन दुपारींत काम झालं असतं. आता ऊन कुठून आणायचं? चुलीवरच्या दांडीवर वाळवल्या आणि अर्धवट ओल्या असतानाच गरम इस्त्री शिवणींवरून दाबून फिरवली. आजीच्या हातची गोधडी, नऊवारी लुगड्यांची, त्यावर टाके इतके दाट की एकेका ओळीला पाच मिनिटं लागली. प्रत्येक टाक्याखाली अळी लपायला जागा. दोन पार सडलेल्या वाकळी जाळल्या.

पडवी, ओटी, बाकड्याखालची फट, उंबऱ्याचा सांधा, सगळीकडे शेजारून आणलेला व्हॅक्यूम फिरवला आणि पिशवी लगेच बांधून बाहेर टाकली. याने कोष हादरून पिसवा बाहेर येतात, आणि ते आपल्याला हवंच असतं. आल्या की चिंगीच्या अंगावर चढतात आणि मरतात. फरशी साध्या साबणाच्या पाण्याने पुसली. फिनाईल बंद, कारण मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि पाय चाटतं. रात्री पडवीत परातीत साबणाचं पाणी, वर बल्ब. सकाळी परातीत सात पिसवा.

शनिवार, २६ जुलै

भटकी सापडली. पिल्लं दोन घरं सोडून शेजारच्या गोठ्यात, पेंढ्यात. तीन आहेत, आठ आठवडे पार केलेली, म्हणून थेंब चालतात. तरी डॉक्टर बाईंना वजनं सांगूनच मात्रा घेतली. बांगड्याच्या तुकड्यावर पिल्लांची आई आली, खाता खाता तिच्या मानेवर थेंब टाकले. शेजारच्या काकूंनीही पेंढा बदलायचं कबूल केलं. हे केलं नसतं तर आमचं घर धुऊन उपयोग नव्हता.

बुरशीच्या तपासणीत अजून काही उगवलेलं नाही.

सकाळी ४, संध्याकाळी ५. गोळी मंगळवारी संपली आहे.

रविवार, ३ ऑगस्ट

सकाळी ११, संध्याकाळी १३.

मन खचलं. थेंब निकामी, असंच वाटलं. ओळखीच्या दोघांनी दोन सल्ले दिले: एकाने कडुनिंबाचं तेल, दुसऱ्याने मासे बंद. कडुनिंबाच्या तेलाने मांजरं आजारी पडलेली आहेत, ते बाद. माशांचं मात्र मी तासभर विचारात घेतलं, कारण अन्नाच्या वावड्यानेही मांजरं खाजवतात, बहुतेकदा मान आणि तोंड. पण ती परीक्षा म्हणजे किमान आठ आठवडे एकच ठरावीक अन्न, बाहेरचा एक घासही नाही. आता ते सुरू केलं तर पुढे काहीही झालं तरी कारण कळणार नाही. नियम मोडला नाही.

डॉक्टर बाईंना फोन केला. त्यांना नवल वाटलं नाही. "कोषांवर कुठल्याच औषधाचा जोर नीट चालत नाही. जुनी पिढी फुटतेय. अंगावर चढतील, मरतील, पण मरण्याआधी एखादी चावेल, आणि हिला एकच पुरते. अजून तीन-चार आठवडे धरा. थेंब लवकर टाकू नका, तारखेलाच टाका." फणी फिरवली: काळे कण पहिल्या दिवसापेक्षा निम्म्याहून कमी. परातीत दोन. मग धीर आला.

व्हॅक्यूम दिवसाआड चालू.

रविवार, १० ऑगस्ट

७ आणि ६. काल राखीला आलेल्या भावाला अंगणात मोजे झाडायला लावले.

सोमवार, १८ ऑगस्ट

दुसरे थेंब. ३ आणि ४. बुरशीची तपासणी पूर्ण, काही नाही.

रविवार, २४ ऑगस्ट

परवा हरतालिका, त्यानंतर गणपती. मुंबईहून चाकरमानी येणार म्हणून घर तसंही धुऊन निघतंय. माळ्यावरच्या लाकडी फळ्यांच्या फटी भाच्याने खिळ्याने कोरून साफ केल्या. पांढरे मोजे घालून पडवीत दहा मिनिटं: शून्य. माळ्यावर: एक.

शेपटीच्या मुळाशी बोट फिरवलं, खपल्या लागल्या नाहीत. आखूड, मऊ केस लागले.

रविवार, १४ सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीत नऊ दिवस मोजणी झाली नाही, त्या रकान्यात रेघ मारली आहे. आज सकाळी १, संध्याकाळी २. फणीच्या कागदावर दोन कण पडले, दोन्ही ओल्या कापसावर तसेच काळे राहिले.

तीन पिल्लांपैकी दोन चाकरमान्यांबरोबर मुंबईला गेली, सोबत मांजराच्या थेंबांचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. भटकीची नसबंदी पुढच्या शनिवारी ठरली आहे.

आजीची गोधडी परत बाकड्यावर टाकली. चिंगीने ती दोनदा हुंगली, पंजांनी तुडवली आणि गोल होऊन झोपली. भाचा सवयीने घड्याळ लावून बसला होता. दहा मिनिटं झाली तरी ती हलली नाही.

तिसरे थेंब गुरुवारी, १८ तारखेला.